अवतरणचिन्ह कुणाचं, यादीचं की मालाचं?

फळ्यावर मी जळगाव जिल्ह्याचे १५ तालुके लिहिलेत, एकाखाली एक. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर, मुक्ताईनगर, बोदवड, जामनेर, पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, पारोळा, अमळनेर, चोपडा, धरणगाव, एरंडोल. समजा ही यादी कुणीतरी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि ती पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये लिस्ट म्हणून हवी आहे. मग प्रत्येक नावाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्ह आणि दोन नावांच्या मध्ये स्वल्पविराम. चिन्हं ३०, स्वल्पविराम १४. “सर, एवढं तर हातानेच होतं,” असं दर वर्षी कुणीतरी म्हणतं. होतं ना. मीही वर्षानुवर्षं हातानेच करत होतो.

आता हाताने करताना एक स्वल्पविराम राहून गेला, तर काय होतं ते बघा.

["भुसावळ", "यावल" "रावेर", "मुक्ताईनगर"]

पायथन इथे अडत नाही. लागून आलेल्या दोन स्ट्रिंग (म्हणजे अवतरणचिन्हांतले मजकूर) तो जोडून टाकतो आणि ‘यावलरावेर’ नावाचा तालुका जन्माला येतो. लांब वाक्य दोन ओळींत मोडता यावं म्हणून भाषेत ही सोय ठेवलेली आहे, पण यादीत ती घात करते. एरर आली असती तर दोन मिनिटांत सापडली असती. इथे प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो, तालुके १४ होतात, आणि रावेरच्या केळीचे आकडे कुठे गेले ते शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. म्हणून यादी बनली की आधी तिची लांबी मोजायची. १५ हवेत तर १५च आले पाहिजेत.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतही नाही. कीबोर्डवरचं सरळ दुहेरी चिन्ह म्हणजे संगणकाच्या हिशोबात क्रमांक ३४, सरळ एकेरी म्हणजे ३९. वर्डमध्ये टाइप केलं की ते आपोआप वळणदार होतं, आणि युनिकोड या अक्षरांच्या क्रमांकयादीत त्या वळणदार जोडीचे क्रमांक ८२२० आणि ८२२१. छापील पानावर ती जोडी सुंदर दिसते, माझाही तिला विरोध नाही. पण पायथनला ती अवतरणचिन्हं वाटतच नाहीत, तो ‘अवैध अक्षर’ म्हणून थांबतो. कोड वर्डच्या फाइलमध्ये ठेवू नका, एवढंच यावर सांगतो. इथे पायथन निदान थांबतो तरी.

खरा प्रश्न पुढे आहे. तो मला कळला तो एका पाइप-फिटिंगच्या दुकानामुळे. आपल्याकडे केळीला ठिबक, कपाशीला ठिबक, त्यामुळे अशी दुकानं गावोगाव आहेत. त्यांची मालयादी मला नव्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची होती. जुन्या सॉफ्टवेअरमधून फाइल काढली, तेव्हा काही ओळी अशा दिसल्या:

"बॉल व्हॉल्व्ह २"""
"रिड्यूसर ३"" × २"""
"बॉल व्हॉल्व्ह ६३"

शेवटी तीन-तीन अवतरणचिन्हं. मला तो जुन्या सॉफ्टवेअरचा कचरा वाटला. मी पायथनचं ‘स्ट्रिप’ वापरून दोन्ही टोकांची दुहेरी चिन्हं काढून टाकली. स्ट्रिप एकच चिन्ह काढून थांबत नाही, टोकाला जितकी असतील तितकी सगळी काढतं. यादी स्वच्छ दिसली, मी खूश. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या दादांनी विचारलं, “इंच कुठे गेले?” ‘बॉल व्हॉल्व्ह २’. दोन काय? त्या दुकानात काही माल इंचात, काही मिलिमीटरमध्ये. ६३ लिहिलं की मिलिमीटर हे सगळ्यांना ठाऊक, पण तेही कुठे लिहिलेलं नसतं. इंचाची खूण हीच तिथली एकमेव ओळख होती आणि ती मी पुसली होती. रिड्यूसरचं तर आणखी वाईट झालं: मधली जोडी तशीच राहिली आणि शेवटचा इंच गेला.

त्या तीन चिन्हांत कचरा एकही नव्हता. शेवटचं चिन्ह फाइलचं होतं, ‘इथे रकाना संपला’ हे सांगणारं. आधीची दोन मिळून मालाची होती, एका इंचाची. ही सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली. तिचा नियम असाच आहे आणि २००५ साली तो आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या दस्तऐवजात लिहूनही ठेवला गेला: रकान्यात स्वल्पविराम, दुहेरी चिन्ह किंवा नवी ओळ असेल तर रकाना दुहेरी चिन्हांत ठेवायचा, आणि आतलं प्रत्येक दुहेरी चिन्ह दोनदा लिहायचं. दिसायला चिन्ह एकच, पण एक बांधाचं आणि एक वावरातलं. बांध काढताना पिकाला हात लागला नाही पाहिजे, आणि हे ओळखायचं काम ‘टोकाची चिन्हं काढा’ एवढ्या सांगण्याने होत नाही. त्यासाठी वाचणाऱ्याला नियम माहीत हवा. पायथनमध्ये सीएसव्ही नावाचं मॉड्यूल (तयार कोडचा संच) सोबतच येतं, त्याला तो माहीत आहे. फाइल त्याच्याकडून वाचून घ्या.

लिहितानाही तसंच. ‘पाइप ३" × २०'’ ही नोंद घ्या. तीन इंची, वीस फुटी. यात दोन्ही चिन्हं आहेत. बाहेरून दुहेरी लावलं तर ३ नंतर स्ट्रिंग संपते, एकेरी लावलं तर २० नंतर संपते. कुठलंही लावा, तुटतंच. मग बाहेरून हाताने चिन्ह चिकटवायचंच कशाला? पायथनचं ‘रिप्र’ मजकूर कोडमध्ये लिहितात तसा, चिन्हांसकट, लिहून देतं. त्याला ती नोंद द्या:

'पाइप ३" × २०\''

एकेरी बाहेर लावून आतल्या एकेरीपुढे त्याने स्वतःच उलटी तिरकी रेघ घातली, ‘हे चिन्ह आतलं’ असं सांगणारी. साध्या नावाला एकेरी, आत फक्त एकेरी असेल तर बाहेर दुहेरी, दोन्ही असतील तर असं. हे ठरवणं त्याच्यावर सोपवा.

पण ही यादी दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायची असेल तर रिप्र चालत नाही. अशी देवाणघेवाण बहुतेक वेळा जेसन नावाच्या मांडणीत होते, आणि जेसनला फक्त दुहेरी चिन्हं चालतात, शेवटच्या नावानंतरचा स्वल्पविरामही चालत नाही. तिथे जेसनच्याच मॉड्यूलकडून लिहून घ्या. मराठी माणसाने त्यात एक गोष्ट लक्षात ठेवायची: ते मॉड्यूल मुळात देवनागरी अक्षरं जशीच्या तशी लिहीत नाही, रावेरमधला ‘र’ तिथे उलटी तिरकी रेघ, यू आणि ०९३० असा उतरतो. माहिती बरोबर असते, पण माणसाला वाचता येत नाही. ‘एन्शुअर अ‍ॅस्की’ हा पर्याय ‘फॉल्स’ केला की रावेर रावेर दिसतं. डेटाबेससाठी तर चिन्हांचा विचारच करू नका. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, जागा सोडा आणि मजकूर वेगळा द्या.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. मराठीत ही विरामचिन्हं इंग्रजीवरून आली, आणि ती रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधी पोथ्यांमध्ये बोलणं कुठे संपलं हे कसं कळायचं? बऱ्याचदा ‘असं म्हणाला’मधल्या ‘असं’ने. आपल्या भाषेत बंद करणारा शब्द होता. ऐकणारा तो येईपर्यंत थांबायचा. संगणक मात्र उघडणारं चिन्ह दिसल्याशिवाय आत शिरत नाही, आणि बंद करणारं मिळालं नाही तर फाइलच्या शेवटापर्यंत सगळं त्याच एका रकान्यात ओढत नेतो.

आता तुमचं काम. फळ्यावरच्या यादीखाली धुळ्याचे चार आणि नंदुरबारचे सहा तालुके लिहा. धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी. फक्त दोन नोंदी अशा लिहायच्या: ‘मुक्ताईनगर, जुनं नाव एदलाबाद’ आणि ‘अक्राणी, म्हणजे धडगाव’. स्वल्पविरामावर तोडाल तर २७ येतील. फाइल लिहा, परत वाचा, मूळ यादीशी जुळवा, आणि २५ आले की मला हाक मारा.