ग्रंथालयाचा हप्ता आणि वितरकाची उधारी

श्रोतेहो, नमस्कार. ग्रंथालयाचे अनुदान आटले की वाचकांचे काय होते, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. आज मला त्या ग्रंथालयांना पुस्तके, मासिके आणि दिवाळी अंक पुरवणाऱ्या माणसांविषयी बोलायचे आहे, कारण कपातीचा पहिला फटका त्यांना बसतो.

आपल्या राज्यात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासन परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठीचे वार्षिक अर्थसाहाय्य, देते. ते दोन हप्त्यांत येते. निम्मे सेवकांच्या वेतनावर खर्च होते आणि उरलेल्या निम्म्यात ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रे, नियतकालिके, जागेचे भाडे आणि वीज हे सारे बसवावे लागते. 2012 साली या अनुदानात 50 टक्के वाढ झाली आणि त्यानंतरची 60 टक्क्यांची वाढ 2022 साली मिळाली. मधल्या दहा वर्षांत कागद महागला, छपाई महागली, पुस्तकांच्या किमती वाढल्या. अनुदानाचा दर मात्र जागचा हलला नाही. आदेश काढून आकडा कमी केला नाही, तरी दहा वर्षे तोच आकडा ठेवला की कपात होतेच. अशा वेळी वीजबिल थकवता येत नाही, कारण जोडणी तुटते. पुस्तकांचे बिल थकवता येते, कारण वितरक पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.

माझ्या परिचयाचे एक ग्रंथवितरक होते. मराठवाड्यातल्या ग्रंथालयांमध्ये सारे त्यांना काका म्हणत. पुण्याच्या प्रकाशकांकडून पुस्तके उचलायची, व्हॅनमध्ये भरायची, तालुक्याच्या आणि खेड्यांच्या ग्रंथालयांत निवडीसाठी मांडायची आणि पैसे हप्ता आल्यावर घ्यायचे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा व्यवहार होता. टाळेबंदीनंतरच्या मार्चमध्ये मी त्यांच्याबरोबर एका गावी गेलो. ग्रंथालय शासनाच्या अ ते ड या वर्गवारीतले 'क' वर्गाचे, एका खोलीचे, पण नीट ठेवलेले. ग्रंथपाल बाईंनी चहा मागवला आणि संकोचून सांगितले की हप्ता अपुरा आला आहे, मागचे बिल अजून चुकते झालेले नाही, तेव्हा यंदा काकांकडून काही घेता येईल असे वाटत नाही.

एवढ्यात संस्थेचे कोषाध्यक्ष आले. ते निवृत्त शिक्षक होते आणि हिशेबाला अत्यंत चोख. त्यांच्या हातात दुसऱ्या एका विक्रेत्याची यादी होती: छापील किमतीवर 60 टक्के सूट, रक्कम मात्र रोख. त्यांचे म्हणणे असे की ग्रंथसंख्या दाखवावी लागते, तपासणीत दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, पाहिली जाते, आणि थोड्या पैशांत जास्त पुस्तके मिळत असतील तर ती का घेऊ नयेत? त्यांच्या जागी आपण असतो, तर आपणही हेच विचारले असते.

काकांनी वाद घातला नाही. त्यांनी त्या यादीबरोबर आलेले नमुन्याचे पुस्तक हातात घेतले आणि टेबलावर उघडून ठेवले. जेमतेम शंभर पाने, टपोरा टाइप, दोन्ही बाजूंना रुंद समास आणि किंमत 300 रुपये; म्हणजे सूट देता यावी म्हणून छापील किंमत आधीच फुगवलेली. मग त्यांनी बाईंकडे वाचकांची मागणी नोंदवही मागितली आणि तिची शेवटची पाने मोठ्याने वाचली. पोलीस भरतीची पुस्तके, एका मुलीने तीन वेळा लिहिलेले राज्यसेवेचे इतिहासाचे पुस्तक, एका शेतकऱ्याने मागितलेले डाळिंबावरचे पुस्तक, दोन नव्या कादंबऱ्या. सवलतीच्या यादीत यांतले एकही नव्हते. त्यानंतर ते कोषाध्यक्षांना म्हणाले, "सर, माझे येणे मी मागायला आलो नाही. पण तुमच्याजवळ जी थोडी रोकड आहे, ती तुम्ही परत कधी न येणाऱ्या माणसाला देता आहात, आणि मी येत राहतो म्हणून मला उधारीवर ठेवता आहात."

कोषाध्यक्ष बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली, रोकडीतून काकांच्या जुन्या बिलाचा काही भाग चुकता केला आणि मागणी वहीतली पुस्तके तेवढी घेतली. बाईंनी त्याच दुपारी ती दाखल नोंदवहीत चढवली. मी हा प्रसंग अनेक ठिकाणी सांगितला आहे आणि पुढेही सांगत राहीन, कारण त्या टेबलावर साऱ्या प्रश्नाचा हिशेब मांडला गेला होता.

त्याच आठवड्यात काकांना त्यांच्या एका प्रकाशकाचा निरोप आला की जुनी रक्कम आल्याशिवाय नवी पुस्तके मिळणार नाहीत. प्रकाशकाचाही नाइलाज होता. पुस्तकावर वस्तू व सेवा कर नसला तरी कागदावर आणि छपाईवर तो असतो आणि प्रकाशकाला तो परत मिळत नाही. शिवाय हजारभर प्रतींच्या आवृत्तीचा मोठा भाग ग्रंथालयांवरच अवलंबून असतो. पुढच्या वर्षी काकांनी व्हॅन विकली. त्यांचा मुलगा आता शाळांना वह्या पुरवतो, कारण तेथे पैसे जूनमध्येच मिळतात.

म्हणून सांगतो, श्रोतेहो: वितरकाची उधारी हेच आपल्या ग्रंथालयांचे दुसरे अनुदान आहे. ते कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही आणि ते बंद पडले की रोखीने भारी सवलत देणारा विक्रेताच दारात उरतो. नियतकालिकांचे तर याहून वाईट होते. खर्च आवरायचा म्हटले की आधी त्रैमासिकाची वर्गणी थांबते, मग दिवाळी अंकांचा संच अर्ध्यावर येतो. 1909 साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा आपण अभिमानाने मिरवतो. तेव्हा ग्रंथालयाने दिवाळी अंक कमी करणे मला मुळीच मान्य नाही.

तमिळनाडूच्या 1948 च्या आणि कर्नाटकाच्या 1965 च्या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद आहे. मालमत्ता करासोबत ती रक्कम वसूल होते. आपल्या कायद्यात असा कर नाही, तो असावा, असे माझे ठाम मत आहे. तो येईपर्यंत, आपल्यापैकी जे एखाद्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर असतील, त्यांना माझी एक विनंती आहे. हप्ता खात्यावर जमा झाला की नव्या खरेदीची यादी करण्याआधी वितरकाची जुनी बिले काढावीत, तारखेनुसार लावावीत आणि सर्वांत जुने बिल त्याच आठवड्यात चुकते करावे. नमस्कार.