उंदराच्या मढ्यावरचा संसार

(दृश्य : केंब्रिजजवळचं रान. पालापाचोळ्यात मेलेला उंदीर.)

थोड्या वेळात इथे माशा घोंगावतील. पण त्याआधीच एकाला उंदराचा वास लागलाय. जेमतेम दीड सेंटीमीटरचा, काळ्या पाठीवर नारिंगी पट्टे असलेला भुंगेरा : निक्रोफोरस व्हेस्पिलॉइड्स.

नर-मादी दोघंही लगेच कामाला लागतात. खालची माती उकरत उंदीर जमिनीत ओढतात, केस काढून टाकतात, देहाचा गोळा वळतात. तोंडातून आणि गुदद्वारातून पाझरणारा द्रव त्याला चोपडतात, म्हणजे तो लवकर सडत नाही. अंडी शेजारच्या मातीत. अळ्या आल्या की आईबाप पचवलेलं मांस ओकून त्यांच्या तोंडात भरवतात. किळस आली? कबुतरंही पिल्लांना ओकूनच भरवतात. आणि अळ्या जास्त झाल्या, तर जादाच्या हेच आईबाप खाऊन टाकतात.

बहुतेक कीटकांमध्ये बाप मीलन आटोपलं की पसार होतो. मग हा का थांबला?

कारण मढं म्हणजे घबाड. क्वचित मिळणारं, आणि त्यावर सगळ्यांचा डोळा. परक्या भुंगेऱ्यानं ते बळकावलं, की आधीच्या अळ्यांचा निकाल लागलाच. राखणीला दोघं असली तर घर लुटलं जायची भीती कमी.

तरी बापाचं मन मीलनाकडे धावतंच. त्यावर मादीकडे उपाय आहे. भरवण्याच्या दिवसांत ती अंडी देत नाही, आणि मिथाइल जेरानेट नावाचं गंधद्रव्य सोडते. त्या वासानं नर तिच्या मागे लागायचं सोडून अळ्यांकडे बघतो. जर्मनीतल्या सँड्रा स्टायगर आणि सहकाऱ्यांनी हे २०१६ मध्ये मांडलं.

(दृश्य : प्रयोगशाळेतले मातीचे डबे.)

आणि आईबापच काढून घेतले तर? केंब्रिजमध्ये रेबेका किलनर यांच्या गटानं नेमकं तेच केलं, पिढ्यानपिढ्या. अळ्या बाहेर पडायच्या आधीच आईबाप उचलले. काही पिढ्यांत त्या अनाथ घराण्यातल्या अळ्यांचे जबडे अंगाच्या मानानं मोठे झाले, आणि अंडीही एकाच सुमारास फुटू लागली. मांस स्वतःच फाडायचं, तर सगळ्यांनी मिळून तुटून पडलेलं बरं!

(दृश्य : पुन्हा रान.)

इथे मात्र आईबाप आहेत. आठवडाभरात गोळा संपत येतो. आधी बाप निघतो. आई मागे थांबते, अळ्या कोषात जाण्यासाठी मातीत पांगेपर्यंत. मग तीही उडते, पुढच्या उंदराच्या वासावर.