पुण्याचे मालक, लँकाशायरचा क्लब: मालकी बदलली की टीमचं नेमकं काय बदलतं?

नमस्कार.

तारीख ७ मे २०१२. इंग्लंडमधल्या लँकाशायर भागातलं ब्लॅकबर्न शहर, इवूड पार्क हे फुटबॉलचं मैदान. मॅच चालू असतानाच एक जिवंत कोंबडी गवतावर फिरताना दिसते. तिच्या अंगावर क्लबचा निळा-पांढरा झेंडा गुंडाळलाय. शेवटची काही मिनिटं उरलेली असताना पाहुण्या विगनचा गोल होतो, मॅच १-० ने जाते आणि यजमान क्लब ब्लॅकबर्न रोव्हर्स प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमधून, खालच्या लीगमध्ये घसरतो.

कोंबडीच का, तर क्लबचे मालक पुण्याचे वेंकीज. व्यवसाय कुक्कुटपालनाचा.

या क्लबचं उदाहरण मी मुद्दाम घेतोय. एकाच शहराच्या एकाच क्लबमध्ये वीस वर्षांच्या अंतराने दोनदा मालक बदलले. एका बदलाने विजेतेपद आलं, दुसऱ्याने घसरण. दोन्ही वेळा मालकांनी खिशातून पैसा घातला. तरी निकाल इतके उलटे का लागले, ते टप्प्याटप्प्याने बघू.

[स्क्रीनवर: १९९१]

पहिले मालक जॅक वॉकर. ब्लॅकबर्नचाच माणूस, लहानपणापासून याच क्लबचा चाहता. पोलादाचा धंदा उभा केला, १९८९ मध्ये तो ब्रिटिश स्टीलला विकला आणि १९९१ च्या जानेवारीत क्लब पूर्णपणे ताब्यात घेतला. रोव्हर्स तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होते. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी हा एक, पण शेवटचा एफए कप जिंकला होता १९२८ मध्ये.

वॉकर यांच्या कामाचा क्रम नीट लक्षात घ्या. ऑक्टोबर १९९१ मध्ये त्यांनी केनी डॅलग्लिशना मॅनेजर म्हणून आणलं. लिव्हरपूलसोबत लीग जिंकलेला मॅनेजर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आला. खेळाडू कोण घ्यायचे हे तो ठरवणार आणि वॉकर पैसे देणार, अशी विभागणी. १९९२ मध्ये क्लब वर चढला. त्याच उन्हाळ्यात ॲलन शियररला विक्रमी किमतीला घेतलं, १९९४ मध्ये ५० लाख पौंडांना ख्रिस सटन आला. सोबत मैदानाचे जुने स्टँड पाडून नवे बांधले, ब्रॉकहॉल इथे ट्रेनिंग सेंटर आणि अकॅडमी उभी केली.

१९९४-९५ मध्ये ८९ गुणांनी रोव्हर्स प्रीमियर लीग विजेते. मँचेस्टर युनायटेड ८८ वर. शेवटच्या दिवशी रोव्हर्स ॲनफिल्डवर हरले, पण युनायटेडला वेस्ट हॅममध्ये बरोबरीच साधता आली.

वॉकर-काळ सोन्याचा होता म्हणून त्यातलं लोखंड लपवायला नको. डॅलग्लिश त्या विजेतेपदानंतर मॅनेजरपदावरून बाजूला झाले, पुढच्याच वर्षी शियरर दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला आणि १९९९ मध्ये क्लब खालीही घसरला. पण यंत्रणा शाबूत राहिली. २००० मध्ये वॉकर गेले, क्लब त्यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे आला, आणि २००१ मध्ये टीम परत वर, २००२ मध्ये टॉटनमला हरवून लीग कप. मालक नसतानाही क्लब चालला, कारण रोजचे निर्णय घेणारी माणसं तीच होती. अध्यक्ष जॉन विल्यम्स त्यातले मुख्य.

आता या अध्यक्षाचं काम काय, हे समजून घ्या. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

प्रेक्षकाला मॅनेजर दिसतो. पण करार किती वर्षांचा, आठवड्याचा पगार किती, टीम घसरली तर पगार कापायचं कलम करारात आहे की नाही, एजंटला किती द्यायचं, कुठला खेळाडू वय वाढायच्या आत विकायचा, हे अध्यक्ष आणि वित्त संचालक ठरवतात. लहान गावच्या क्लबात ही माणसं फार किमती असतात. मोठा क्लब चुकीच्या खेळाडूवर दीड-दोन कोटी पौंड घालवूनही तरतो. ब्लॅकबर्नसारख्या क्लबला अशा दोन चुका परवडत नाहीत.

[स्क्रीनवर: नोव्हेंबर २०१०]

ट्रस्टने १९ नोव्हेंबर २०१० रोजी क्लब वेंकीजला विकला. किंमत सुमारे २ कोटी ३० लाख पौंड, शिवाय क्लबवरचं कर्ज.

ही किंमत ऐकून बरेच लोक म्हणतात, प्रीमियर लीगचा क्लब इतका स्वस्त? विकत घेण्याची किंमत म्हणजे घराच्या किल्लीचा खर्च समजा. पुढे दर महिन्याचा पगार, हप्त्यांवर घेतलेल्या खेळाडूंचे उरलेले हप्ते, कर, मैदानाची देखभाल, हे सगळं नव्या मालकाच्या गळ्यात येतं. ब्लॅकबर्नची तिकीटविक्री मर्यादित, प्रायोजक मर्यादित. क्लबचा संसार चालायचा तो टीव्हीच्या पैशावर, आणि तो पैसा वरच्या लीगमध्ये असेपर्यंतच.

ताबा घेतल्यापासून चोविसाव्या दिवशी, १३ डिसेंबरला, मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांना काढलं. टीम तेव्हा तेराव्या स्थानावर होती, वीस टीमच्या तक्त्यात अगदी मधोमध. त्यांच्या जागी कोच स्टीव्ह कीन आले. त्यांनी आधी कुठल्याही क्लबचं मॅनेजरपद सांभाळलेलं नव्हतं. फेब्रुवारी २०११ मध्ये विल्यम्सही गेले.

माझ्या मते खरी घसरण तिथेच सुरू झाली, तक्त्यात ती दिसली वर्षभराने. तीन महिन्यांत मॅनेजर गेला, अध्यक्ष गेला, आणि मालक सात हजार किलोमीटरवर पुण्यात. फुटबॉलची भाषा बोलणारं आणि पुण्यात ज्याचा शब्द चालेल असं इवूड पार्कवर कोणी उरलं नाही. अशी पोकळी पडली की सल्लागार आणि एजंट तिथे भराभर शिरतात. त्यांचं उत्पन्न सौदा होण्यावर असतं, सौदा बरा की वाईट याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं.

पहिला हंगाम शेवटच्या दिवशी वुल्व्ह्सला ३-२ ने हरवून कसाबसा वाचला. मग फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला गेला, फेब्रुवारी २०१२ मध्ये बचावफळीचा कणा असलेला क्रिस सांबा रशियाला गेला. कणा विकायचा असेल तर पर्यायी खेळाडू आधी हातात हवा. तो नव्हता. ३१ गुण, एकोणिसावं स्थान.

(मधल्या काळात, ऑक्टोबर २०११ मध्ये, ही टीम पुण्यात बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळून गेली. ज्यांनी तो मैदानात बसून पाहिला त्यांना आठवत असेल.)

खाली घसरल्यावर आर्थिक गणित कसं फिरतं बघा. टीव्हीचं उत्पन्न कोसळतं, करार मात्र तेच राहतात. धक्का हलका करायला प्रीमियर लीग काही वर्षं पॅराशूट पेमेंट देते. सध्याच्या पद्धतीत पहिल्या वर्षी, वरच्या लीगमधल्या प्रत्येक क्लबला टीव्हीच्या पैशातून जो समान वाटा मिळतो त्याच्या ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. मुदत संपायच्या आत वर चढलात तर ठीक, नाहीतर मोठ्या लीगचे पगार आणि छोट्या लीगची मिळकत. आणि ठीक याच वेळी ब्लॅकबर्नमध्ये निर्णयांचा गोंधळ शिगेला पोहोचला. २०१२-१३ च्या एका हंगामात हंगामी धरून पाच मॅनेजर झाले. हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकल ॲपलटन ६७ दिवस.

बर्ग नुकसानभरपाईसाठी कोर्टात गेले. क्लबने म्हटलं, ज्या व्यवस्थापकीय संचालकाने हा करार केला त्याला तसा अधिकारच नव्हता. कोर्टाने ऐकलं नाही, बर्ग यांना सुमारे साडेबावीस लाख पौंड मिळाले. हे वाक्य परत वाचा: कराराचा अधिकार कोणाला, यावर क्लबलाच कोर्टात वाद घालावा लागला. टीम का हरते याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर मैदानावर सापडणार नाही.

तोट्याच्या मर्यादा मोडल्यामुळे डिसेंबर २०१४ मध्ये खेळाडू घेण्यावर बंदी आली. मालक पैसे द्यायला तयार असला तरी नियम ते खर्चू देत नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं. अलीकडच्या नियमांनुसार चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या लगेच खालच्या लीगमध्ये, तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त ३ कोटी ९० लाख पौंड तोटा चालतो, आणि त्यासाठीही मालकाने भागभांडवल घालून तो भरावा लागतो. भांडवल न घातल्यास मर्यादा दीड कोटीवर येते. अकॅडमी, महिला टीम आणि समाजकार्यावरचा खर्च यातून वगळतात. म्हणून शहाणा मालक आधी अकॅडमीत पैसा घालतो.

२०१७ मध्ये शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ हरवूनही, गुण सारखे असताना गोलफरकाने टीम तिसऱ्या पायरीवर गेली. प्रीमियर लीग जिंकून इतक्या खाली गेलेला हा पहिला क्लब.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणं अन्यायाचं होईल. वेंकीजनी हात झटकले नाहीत. इंग्लंडमध्ये मालकाने पाठ फिरवल्यावर क्लब बुडाल्याची उदाहरणं आहेत. २०१९ मध्ये बरी लीगमधून बाहेर फेकला गेला, तोही याच लँकाशायरच्या शेजारचा. ब्लॅकबर्नचा दरवर्षीचा खड्डा मालकच भरत आले. आणि २०१७ नंतर मॅनेजर टोनी मोब्रेंना त्यांनी पाच वर्षं टिकू दिलं, तेव्हा लगेच फरक दिसला: पहिल्याच वर्षी ९६ गुणांनी टीम वर. वॉकर यांच्या अकॅडमीतून ॲडम व्हार्टन घडला.

पण भरणारा एकटाच असेल, तर त्याच्या नळाला कुठेही गाठ पडली की क्लब कोरडा. भारतात परकीय चलन कायद्याखाली अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू झाली, आणि पैसे इंग्लंडला पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, सोबत बँक गॅरंटी. परिणाम ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याच्या ठरावीक मुदतीत, दिसला. २०२४ च्या सुरुवातीला व्हार्टन १ कोटी ८० लाख पौंडांच्या मूळ किमतीला क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. त्याच विंडोत अमेरिकेहून आणलेल्या स्ट्रायकरचा सौदा कागदपत्रांतल्या चुकीमुळे फिस्कटला. आदल्या वर्षी लुइस ओब्रायन या खेळाडूला घेतानाही कागद वेळेत पोहोचले नव्हते, आणि त्या हंगामात रोव्हर्सचं प्लेऑफ, म्हणजे वर चढण्यासाठीचे बाद फेरीचे सामने, निव्वळ गोलफरकाने हुकलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर टीम पाचव्या स्थानावर असताना मॅनेजर जॉन युस्टेस तळाच्या तीनमध्ये अडकलेल्या डर्बीकडे निघून गेले. वरच्या स्थानावरून कोणी खाली उतरतं, तेव्हा त्याने आतला पुढचा काळ पाहिलेला असतो, असं मला वाटतं.

हे सगळं तुम्ही घरी बसून तपासू शकता. ब्रिटनच्या कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर प्रत्येक क्लबचे वार्षिक हिशेब फुकट मिळतात. तिथे ‘ब्लॅकबर्न रोव्हर्स फुटबॉल अँड ॲथलेटिक’ शोधा. पहिल्यांदा पगाराला एकूण उत्पन्नाने भागा. शंभर टक्क्यांच्या वर आकडा गेला, तर क्लब मालकाच्या खिशावर जगतोय. मग टिपांमध्ये बघा, मालकाचा पैसा कर्ज म्हणून आलाय की भागभांडवल म्हणून, आणि कर्ज असेल तर व्याज लागतंय का. मैदान आणि ट्रेनिंग सेंटर क्लबच्याच नावावर आहे की मालकाच्या दुसऱ्या कंपनीच्या, तेही बघा. ब्लॅकबर्नने ट्रेनिंग सेंटर मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला विकलंय. सगळ्यात शेवटी संचालकांच्या यादीत नेमणुकीच्या आणि राजीनाम्याच्या तारखा उतरवून काढा, आणि त्यांच्याशेजारी त्या हंगामाचं स्थान लिहा. २०१०-११ पासून सुरुवात करा. मॅनेजरांची यादी त्याच कागदावर तिसऱ्या रकान्यात.