घागर विहिरीवरच राहिली

[दृश्य: दुपारचं ऊन, विहिरीचा काठ]

भर दुपार. सूखार गावाबाहेर याकोबाची विहीर. अशा उन्हात कुणी पाण्याला येत नाही, पण एक शोमरोनी बाई येते, एकटीच. काठावर दमलेला प्रवासी बसलाय, येशू. तो म्हणतो, मला प्यायला दे. ती चकित होते. यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत; मग यहूदी माणूस शोमरोन्याच्या हातचं पाणी कसं मागतो? तो जिवंत पाण्याबद्दल बोलू लागतो, तर तिचा सवाल अस्सल पाणवठ्यावरचा: महाराज, तुमच्याजवळ पोहरा नाही, विहीर खोल आहे. पाणी आणणार कुठून?

बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा हा चौथा अध्याय. आमच्या घरी आई तो नळाला पाणी आलं की वाचायची. हंडा भरेपर्यंत पाच-सात वचनं व्हायची. हंडा काठोकाठ आला की ओळीवर चष्मा ठेवून उठायची, दुसरा लावायची, पुन्हा वाचायला बसायची. देवळातली उपासना मला प्रिय आहे, पण पवित्र शास्त्र माझ्या कानात शिरलं ते त्या हंड्याच्या चढत जाणाऱ्या आवाजासोबत.

[दृश्य: पुणे–दौंड लोहमार्ग, केडगाव]

१८८३ मध्ये इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनीही हीच गोष्ट ऐकली. वय पंचवीस, नवरा गेलेला, पदरी लहानगी मनोरमा. लंडनजवळ फुलम इथे त्यांनी पाहिलं, समाजानं टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती सिस्टर मायेनं सांभाळत होत्या. यांना तुम्ही जवळ का करता, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तर म्हणून त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवलंय. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

शास्त्र्याची लेक, पुराणं मुखोद्गत, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलेली बाई. तिला एका पाणी भरणारीची गोष्ट भिडली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुढे दुष्काळात वाचवलेल्या मुली-बायकांना घेऊन त्या केडगावात आल्या. मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, स्वयंपाक, सगळं त्यांच्याच हातांनी चाले.

[दृश्य: जुना छापखाना, शिशाचे खिळे, जवळून]

आणि छापखानाही. मराठी बायबल तेव्हा होतंच. पण त्यातले जड संस्कृत शब्द या बायकांना उमजत नव्हते. म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत सबंध बायबल उतरवायला बसल्या. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला मुक्तीतल्याच मुली.

हा खिळा नीट पाहा. अक्षर उलटं आहे. काना कुठे, वेलांटी कुठे, सगळं आरशातल्यासारखं. जिला कालपरवापर्यंत सुलटं अक्षरही येत नव्हतं, ती देवाचं वचन उलट्या अक्षरांत, एकेक खिळा उचलून ओळीत बसवते. चुकलं की चिमट्यानं काढायचं, पुन्हा लावायचं. बोटं शाईनं काळी. मला वाटतं, इतक्या सावकाशीनं शास्त्र आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलं असेल.

आयुष्याची अखेरची कितीतरी वर्षं या कामात गेली. १९२१ मध्ये मनोरमा वारली. बहिरेपणानं वेढलेल्या आईनं मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं.

[दृश्य: घराचं स्वयंपाकघर, पहाट, नळाची धार]

चौथ्या अध्यायाचं अठ्ठाविसावं वचन. त्या बाईनं आपली घागर तिथेच ठेवली आणि ती गावात लोकांना सांगायला निघून गेली. जिच्यासाठी एवढ्या उन्हात आली होती, तीच घागर.

एका पहाटे आई या वचनापाशी आली आणि हंडा भरून वाहू लागला. पाणी मोरीबाहेर आलं. ती उठली नाही. चष्मा डोळ्यांवर तसाच, बोट ओळीवर. मी पांघरुणातून उठून नळ बंद केला.