प्रतिकारशक्ती खरंच वाढली तर काय होईल?

नमस्कार.

सर्दी झालीय. नाक गळतंय, घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय, वर ताप. आता सांगा, हे सगळं कोण करतंय?

विषाणू, दुसरं कोण! असंच म्हणालात ना?

सर्दीचा नेहमीचा विषाणू म्हणजे रायनोव्हायरस. तो नाकाच्या अस्तरात शिरतो, तिथल्या पेशींकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो आणि पुढे सरकतो. अस्तराची फारशी नासधूससुद्धा करत नाही. नाक गळायला लावतं ते तुमचं शरीर. रक्तवाहिन्या सैल सोडतं, पाणी झिरपू देतं, शेंबूड वाढवतं. घसा सुजवतं तेही तेच.

तापाची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. पांढऱ्या पेशींना शत्रू दिसला की त्या रक्तात काही रसायनं सोडतात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. शरीराचं तापमान किती ठेवायचं हे तो ठरवतो. एरवी त्याचा काटा ३७ अंशांच्या आसपास असतो. ही रसायनं पोचली की तो काटा वर सरकवतो, समजा ३९ वर. आता शरीर आहे ३७ वर आणि हुकूम आहे ३९ चा. म्हणजे अचानक तुम्ही ‘थंड’ ठरलात! म्हणून हुडहुडी भरते. स्नायू थरथरून उष्णता तयार करतात, तुम्ही दोन पांघरुणं ओढता. आणि काटा परत खाली आला की घाम फुटतो. पॅरासिटामॉल हा काटा खाली आणतं. विषाणूला ते हातही लावत नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे एक शब्द. प्रतिकारशक्ती. आता शक्ती म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? टाकीतलं पाणी. कमी झालं की आजारी पडायचं, भरली की ठणठणीत, आणि ओसंडून वाहिली तर फारच उत्तम. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं छापलेल्या सगळ्या बाटल्या या टाकीच्या कल्पनेवरच खपतात. माझं म्हणणं असं की या शब्दानं आपला मोठा घोळ केलाय.

थोडं मागून येऊ.

आधी एक खुलासा. सगळेच आजार बाहेरून येत नाहीत. काही जनुकांतल्या बिघाडातून येतात. काही कमतरतेतून: क जीवनसत्त्व मिळालं नाही की हिरड्यांतून रक्त येतं, तो स्कर्व्ही. काही वयानं, झिजेनं, धुरानं होतात. जंतूंमुळे होणारे आजार हा त्यातला एक गट आहे. त्यात जिवाणू आहेत, विषाणू आहेत, बुरशी आहे, हिवतापाच्या परजीवीसारखे एकपेशीय जीवही आहेत. जिवाणू ही स्वतंत्र पेशी असते, तिच्यावर अँटिबायोटिक चालतं. विषाणू तुमच्याच पेशीत बसून तिचीच यंत्रं वापरतो, म्हणून त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. एवढं पुरे, आपला आजचा विषय आतल्या बाजूचा आहे.

पहिली राखण अगदी साधी. कातडी, जठरातलं आम्ल, श्वासनलिकेतले बारीक केस, आणि शेंबूड. हसू नका. पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दी झाली होती, तेव्हा त्यांनी स्वतःच्या नाकातला स्राव जिवाणूंच्या बशीत घातला. जिवाणू विरघळले! त्यातून सापडलं लायसोझाइम, जे आपल्या अश्रूंमध्येही असतं. ही १९२२ ची गोष्ट, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधीची.

कातडी फाटली, काटा रुतला, तर दुसरी फळी येते. ही सापडली ती काट्यामुळेच. १८८२ साल, सिसिलीतलं मेसिना गाव. एली मेच्निकोव्ह हे प्राणिशास्त्रज्ञ. घरची मंडळी सर्कस बघायला गेलेली, हे एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी. तारामाशाच्या पिल्लाचं अंग काचेसारखं पारदर्शक असतं. त्यात यांनी बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी! या पेशी परक्या वस्तूला वेढतात, गिळतात. पुढे १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

आपल्यात ही कामं करणाऱ्या पेशींपैकी संख्येनं सर्वांत जास्त त्या न्यूट्रोफिल. हाडांतल्या मगजात रोज साधारण १०,००० कोटी तयार होतात. रोज! त्या जंतू गिळतात, विषारी रसायनं फवारतात आणि अगदीच वेळ आली तर स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतूंना अडकवतात. त्यात स्वतः मरतात. पू म्हणजे बहुतांशी त्यांचीच प्रेतं. पण रसायन फवारलं की शेजारच्या निरोगी पेशीही भाजतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

आता येतो माझ्या सगळ्यात आवडीचा भाग.

या दुसऱ्या फळीला ढोबळ खुणा कळतात. ‘हे जिवाणूचं कवच दिसतंय’, इतपत. पण काल जन्माला आलेला नवा विषाणू, जो आजवर कुठल्याच माणसानं बघितलेला नाही, तो नेमका कसा ओळखायचा? माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत साधारण २०,०००. आणि प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनू शकतात अब्जावधी प्रकारची. हा हिशेब लागणार कसा?

तो लावला सुसुमु तोनेगावा यांनी. १९८७ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. एरवी आपण असं मानतो की जन्मभर डीएनए आहे तसाच राहतो. पण प्रतिपिंडं बनवणारी पांढरी पेशी, म्हणजे बी पेशी, तयार होताना स्वतःच्या जनुकांचे तुकडे करते. एका ढिगातून एक तुकडा, दुसऱ्यातून एक, तिसऱ्यातून एक, असे उचलून जोडते, आणि सांध्यावर काही अक्षरं अंदाधुंद घुसवते. प्रत्येक पेशीची जोडणी वेगळी. म्हणजे शरीर कुलूप बघून किल्ली घडवत नाही. आधीच कोट्यवधी वेड्यावाकड्या किल्ल्या घडवून ठेवतं आणि वाट बघतं. कुलूप आलं की त्यातली एखादी लागतेच.

ज्या पेशीची किल्ली लागली, ती विभागायला लागते. एकाच्या दोन, दोनाच्या चार. कानाखाली, जबड्याखाली गाठी सुजतात ना आजारपणात? तिथे हे चाललेलं असतं. पण सुरुवात मूठभर पेशींपासून, म्हणून फौज उभी राहायला आठवडाभर तरी लागतो. नव्या जंतूपुढे पहिले काही दिवस आपण बेजार असतो ते त्यामुळे.

पण अंदाधुंद किल्ल्या घडवल्या तर काही आपल्याच घराच्या कुलपाला लागणार. मग?

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. टी पेशी, म्हणजे अशाच अंदाधुंद किल्ल्या बाळगणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, तिथे वाढून तयार होतात आणि तिथेच त्यांची परीक्षा होते. थायमसमधल्या काही पेशी चक्क बाकीच्या अवयवांची सोंगं घेतात. इन्सुलिन बनवायचं काम स्वादुपिंडाचं, पण थायमसही थोडंसं बनवून टी पेशीला दाखवतं. ‘हे बघ, ओळखतेस का?’ जी पेशी त्याला घट्ट धरते तिला तिथेच मरायला लावलं जातं. उलट, ज्यांना काहीच धरता येत नाही त्याही बाद. शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त टी पेशी या परीक्षेत मरतात. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी हा आकडा मनावर घेऊ नये.

म्हणजे बघा, यात शक्तीचं काम थोडं, ओळखीचं जास्त. आणि आठवणीचं.

आठवण किती टिकते? उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १८४६ मध्ये गोवराची साथ आली. साधारण ७,८०० माणसांपैकी ६,००० च्या आसपास आजारी पडली. पीटर पानुम हा पंचविशीतला डॅनिश डॉक्टर तिथे गेला. त्याच्या लक्षात आलं की काही म्हाताऱ्यांना गोवर झालाच नाही. कोण हे म्हातारे? तिथे याआधीची साथ १७८१ ची, आणि तेव्हा लहानपणी ज्यांना गोवर होऊन गेला होता, तेच हे. पासष्ट वर्षं गोवर नजरेस पडला नव्हता, तरी शरीर विसरलं नव्हतं. ज्या म्हाताऱ्यांना पूर्वी झाला नव्हता, ते मात्र आजारी पडले.

लस हेच करते, फक्त आजाराचा भुर्दंड न भरता. याच गोवराची एक खोड सांगतो. तो या आठवणी ठेवणाऱ्या पेशींवरच जगतो. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या मुलांचं गोवराच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं. इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली! ‘होऊन जाऊ दे एकदा गोवर, मूल टणक होतं’ असं कुणी म्हणालं तर हा आकडा सांगा.

बरं. आता मूळ प्रश्न. ही यंत्रणा खरोखरच जोरात चालवली तर?

हे माणसांवर घडलेलं आहे. मार्च २००६, लंडन. एका नव्या औषधाची पहिली चाचणी. सहा निरोगी तरुणांना ते टोचलं. प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकंच. हे औषध टी पेशींना थेट जागं करणारं. दीड तासाच्या आत डोकेदुखी, पाठदुखी, ओकाऱ्या, ताप. काही तासांत फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ढासळायला लागली. सहाही जण अतिदक्षता विभागात. एकही जंतू नव्हता! सगळ्या टी पेशी एकदम ‘शत्रू आला’ म्हणून ओरडत सुटल्या होत्या. पेशी एकमेकींना इशारा द्यायला जी रसायनं सोडतात ती सायटोकाइन, म्हणून याला सायटोकाइनचं वादळ म्हणतात. सहाही जण वाचले, पण एकानं बोटांची टोकं आणि पायाची बोटं गमावली.

याहून जुना एक धडा शार्ल रिशे यांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी कुत्र्यांना समुद्री प्राण्याचं विष थोडं थोडं टोचलं. कल्पना अशी की त्यांना सवय व्हावी. काही आठवड्यांनी आधीपेक्षा कमी मात्रा दिली आणि कुत्रा बघता बघता मेला. शरीरानं विष लक्षात ठेवलं होतं, पण ती आठवणच मारक ठरली. त्यांनी याला नाव दिलं अ‍ॅनाफायलॅक्सिस. १९१३ चं नोबेल याच कामासाठी. एखाद्याला मधमाशी चावली आणि श्वास कोंडला, तर बहुतेक वेळा तिथे हीच आठवण असते.

आणि ओळख चुकली तर? घशाला स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा संसर्ग होतो. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. काही मुलांत ती प्रतिपिंडं हृदयाच्या झडपांनाही तोच जिवाणू समजतात, कारण दोन्हींच्या प्रथिनांत थोडं साम्य असतं. जिवाणू जातो, झडप बिघडते. चोर सोडून संन्याशाला फाशी! पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी अशाच बळी पडतात. म्हणजे थायमसच्या परीक्षेतूनही काही पेशी कॉपी करून पास होतात.

मग आपण सगळेच या आजारांनी का मरत नाही? याचं उत्तर उंदरांनी दिलं. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराचं थायमस काढून टाकलं, तर प्रतिकार लुळा पडेल असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. प्रतिकार मोकाट सुटला आणि त्यांच्याच अवयवांवर तुटून पडला. शिमोन साकागुची यांनी अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या टी पेशी दिल्या, तर ते वाचले. म्हणजे टी पेशींमध्ये एक जात अशी आहे जिचं काम बाकीच्यांना आवरणं हे आहे. १९९५ मध्ये त्यांनी ती वेगळी काढून दाखवली, मेरी ब्रंकोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २००१ मध्ये तिच्यामागचं जनुक सापडलं, आणि २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. गंमत अशी की लंडनचं ते औषध मुळात याच आवरणाऱ्या पेशी वाढवण्यासाठी बनवलं होतं.

आता ती बाटली हातात घ्या आणि विचारा, नक्की काय वाढवणार? न्यूट्रोफिल? मग सूज वाढेल. अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं? मग शिंकत बसा. टी पेशी? ते बघितलं आपण. खरं म्हणजे बहुतेक बाटल्या यातलं काहीच वाढवत नाहीत, आणि तेच आपलं नशीब.

कमतरता भरून काढणं वेगळं. कुपोषण असेल, जीवनसत्त्व कमी असेल, झोप मिळत नसेल, तर या पेशींचं काम बिघडतं. ती कमतरता भरली की ते सुधारतं, पण पुरेसं असताना आणखी ओतून काही मिळत नाही.

आवरणाऱ्या या सगळ्या व्यवस्थेचा एक गैरफायदा घेणाराही आहे. कर्करोग. तो टी पेशींचा ब्रेक स्वतःच दाबून धरतो. तो ब्रेक सोडवणाऱ्या औषधांच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. आणि ही औषधं घेणाऱ्या काही रुग्णांच्या टी पेशी मग त्यांच्याच आतड्यांवर, थायरॉइडवर चालून जातात. ते प्रकरण बरंच गुंतागुंतीचं आहे, त्यावर पुढचा व्हिडिओ करतोय. त्याबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.