लिपुलेखच्या अलीकडे

(दृश्य: गुंजी गावातली एक अंधारी खोली. खुंटीवर टांगलेली पिशवी.)

ही करबछ. जाड लोकरीची, मेंढीच्या पाठीवर टाकली की दोन्ही अंगांना लोंबणारी. उत्तराखंडच्या पिथोरागढ जिल्ह्यात, व्यास खोऱ्यातले रं लोक हिच्यात धान्य आणि गूळ भरून लिपुलेख खिंड चढायचे. पाच हजार मीटरहून उंच. पलीकडे तिबेटात तकलाकोटची मंडी. येताना याच पिशव्यांत मीठ यायचं, सोबत लोकर.

धान्याला मीठ, गुळाला लोकर. रोकड क्वचितच लागायची. प्रत्येक घराण्याचा पलीकडे ठरलेला मित्र असे. बापाचा मित्र गेला, की त्याच्या मुलाशी व्यवहार पुढे चाले.

(दृश्य: खिंडीकडे जाणारी पायवाट, वारा.)

१९६२ चं युद्ध झालं आणि ही वाट बंद पडली. तीस वर्षं. डिसेंबर १९९१ मध्ये भारत-चीन करार झाला, १९९२ साली व्यापार सुरू झाला. पण आता मित्राच्या जागी कागद आला. खोऱ्याखालच्या धारचुला गावातून परवाना, गुंजीत सीमाशुल्काची तपासणी, आणि वस्तूंची ठरलेली यादी. यादीत नाही ते खेचरावर चढत नाही. ती यादी करणाऱ्यांपैकी किती जण ही चढण चढले असतील, हा प्रश्न वाटेत आम्हाला सारखा पडत होता.

(दृश्य: नवा रस्ता, कड्यातून कोरलेला.)

२०२० साली कोविडमुळे खिंड पुन्हा बंद झाली. आणि त्याच वर्षी, ८ मे रोजी, लिपुलेखकडे जाणाऱ्या या रस्त्याचं उद्घाटन झालं. पिढ्यान्‌पिढ्या पायी तुडवलेल्या वाटेवर गाडी आली, तेव्हा माल न्यायची मुभा उरली नव्हती. २०१९ च्या हंगामात तकलाकोटला ठेवलेला माल तिथेच अडकला, खेचरवाले दुसऱ्या कामांना लागले.

(दृश्य: कुलूप लावलेली दुकानं. निवेदन नाही.)

ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी लिपुलेख, शिपकी ला आणि नाथू ला या तिन्ही वाटा व्यापाराला खुल्या करायचं ठरवलं. लिपुलेखवर दावा सांगणाऱ्या नेपाळने हरकत घेतली.

हिवाळ्यात सगळं खोरं धारचुल्याला उतरतं. मालाची, खेचरांची जुळवाजुळव तिथेच, बर्फ वितळायच्या आत करावी लागते. हंगाम जून ते ऑक्टोबर, एवढाच. परवान्यांची तारीख हिवाळ्यातच कळली, तर जूनमध्ये माणसं इथून निघू शकतील.

(दृश्य: खिंडीवर उतरणारं ढग.)