तर, तरच आणि म्हणून

(एमबीएसारख्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेतल्या ‘क्रिटिकल रीझनिंग’, म्हणजे युक्तिवाद तपासण्याच्या प्रश्नप्रकारावर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आधी एक प्रश्न सोडवू, मग बोलू. एका आगारातून सकाळी सहाला एका खेड्याकडे एसटी सुटते. गाडीत सरासरी आठ माणसं असतात. आगारप्रमुखांचं म्हणणं असं, की या फेरीत डिझेलचाही खर्च निघत नाही, म्हणून ती बंद केली तर आगाराचा तोटा कमी होईल. या म्हणण्याला सगळ्यात मोठा धक्का कशाने बसेल?

बोला. ‘गावकऱ्यांची गैरसोय होईल.’ बरं. ‘एसटी सेवेसाठी आहे, नफ्यासाठी नाही.’ छान. ‘वडापवाले मनमानी भाडं घेतील.’ घेतीलच. नागरिक म्हणून मी तुम्हां तिघांच्याही बाजूने मोर्चात येईन, पण परीक्षेत तिघांनाही शून्य. आगारप्रमुख गावकऱ्यांच्या सोयीबद्दल बोललेच नाहीत. ते एवढंच म्हणाले की तोटा कमी होईल. मागच्या रांगेतून कोण बोललं? ‘तीच गाडी परत येताना भरून येत असेल तर?’ हे उत्तर. सहाला रिकामी गेलेली गाडी सातला कॉलेजची पोरं आणि बाजाराला निघालेली माणसं खचाखच भरून आणते. जाणारी फेरी बंद केली की येणारीही गेली, तिची तिकिटंही गेली. आता तोटा कमी होईल असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

गंमत बघा, या उत्तराने आगारप्रमुखांचा एकही आकडा खोडला नाही. आठ माणसं आठच राहिली, डिझेलचा खर्चही तोच. धक्का बसला तो ‘डिझेलचा खर्च निघत नाही’ आणि ‘तोटा कमी होईल’ यांच्या मधल्या फटीला. दिलेली माहिती खरी धरायची आणि ‘म्हणून’ या शब्दावर संशय घ्यायचा, एवढीच या प्रश्नांची मागणी असते.

२०२३च्या नोव्हेंबरपासून जीमॅटचं रूप बदललं. व्याकरणाचे, म्हणजे ‘सेंटेन्स करेक्शन’चे प्रश्न गेले. व्हर्बल विभागात आता ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात आणि ते दोनच प्रकारचे, उताऱ्यावरचे आणि हे आपले. पाठांतरावर तरून जाण्याची सोय संपली. अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांसाठी जी एलसॅट असते, तिनेही २०२४च्या ऑगस्टपासून ‘लॉजिक गेम्स’, म्हणजे तर्काची कोडी, काढून टाकले आणि युक्तिवादाच्या प्रश्नांचं वजन वाढवलं. आपल्याकडच्या क्लॅटमध्येही, म्हणजे कायद्याच्या प्रवेशपरीक्षेतही, उतारा देऊन त्यातला युक्तिवाद तपासायला लावतात. म्हणजे हे कौशल्य एका परीक्षेपुरतं उरलेलं नाही.

आता फट शोधायची कशी? पहिलं काम, निष्कर्ष कोणता ते पक्कं करणं. ही चूक हुशार मुलंही करतात, कारण निष्कर्ष नेहमी शेवटी येत नाही. कधी तो पहिल्याच वाक्यात असतो, कधी मधे दडलेला. माझी युक्ती घरगुती आहे. दोन वाक्यांच्या मधे ‘कारण’ घालून मोठ्याने वाचायचं. ‘फेरी बंद केली तर तोटा कमी होईल, कारण डिझेलचाही खर्च निघत नाही’ हे कानाला बरोबर वाटतं. ‘डिझेलचाही खर्च निघत नाही, कारण फेरी बंद केली तर तोटा कमी होईल’ याला कान लगेच नकार देतो. कानावर विश्वास ठेवा, तो व्याकरणाच्या पुस्तकाआधीपासून तुमच्याकडे आहे.

दुसरं काम, निष्कर्षातला असा शब्द शोधणं जो कारणांमध्ये आलेलाच नाही. एका खानावळीने थाळी १०० रुपयांवरून १५० केली. महिन्याचा गल्ला वाढला. मालक म्हणाला, बघा, दर वाढवल्याने गिऱ्हाईक तुटत नाही. कारणात शब्द आहे गल्ला, निष्कर्षात आहे गिऱ्हाईक. आधी महिन्याला हजार थाळ्या खपत होत्या, म्हणजे एक लाख रुपये. आता ८०० खपतात, म्हणजे एक लाख वीस हजार. गल्ला वाढला आणि दोनशे थाळ्यांचं गिऱ्हाईकही तुटलं, दोन्ही एकाच वेळी खरं. टक्केवारी आणि संख्या, अपघात आणि अपघातांच्या तक्रारी, विक्री आणि नफा अशा जोड्या या परीक्षेत सारख्या भेटतात. शब्द हळूच बदललेला असतो आणि आपण तो एकच समजून पुढे जातो.

गृहीतक विचारलं असेल, म्हणजे ‘अझम्प्शन’चा प्रश्न असेल, तर पर्याय उलटा करून बघा. एसटीच्या प्रश्नात एक पर्याय असा समजा: ‘परतीच्या फेरीचं उत्पन्न दोन्ही फेऱ्यांच्या खर्चापेक्षा जास्त नाही.’ उलटा करा: ते जास्त आहे. आगारप्रमुखांचा डोलारा कोसळला, म्हणजे हे गृहीतक त्यांना हवंच होतं. दुसरा पर्याय: ‘गावात दुसरी कुठलीही बस जात नाही.’ उलटा केला, जाते दुसरी बस. आगारप्रमुख जागेवरून हललेही नाहीत. सोडून द्या तो पर्याय. मात्र ही कसोटी दोन पर्याय उरले की वापरा. पाचही पर्याय उलटे करत बसलात तर घड्याळ तुम्हाला उलटं करेल.

आता माझा लाडका भाग, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे. इंग्रजी माध्यमातली मुलंसुद्धा ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ इथे अडखळतात. मराठी माणसाने अडखळायचं कारण नाही, कारण आपल्याकडे ‘च’ आहे. ‘पास असेल तर आत सोडतील’ आणि ‘पास असेल तरच आत सोडतील’. पहिल्या वाक्यात पास पुरेसा आहे, पण नसेल तरी वशिल्याने जाता येईल का, यावर वाक्य गप्प आहे. दुसऱ्यात पास नसेल तर दार बंद. पण पास आहे म्हणजे सोडतीलच, असं ते वाक्य म्हणत नाही, आत हॉल भरलेला असू शकतो. एका अक्षराने सगळी दिशा फिरली. इंग्रजी प्रश्नात ‘ओन्ली इफ’ दिसलं की मनात ‘तरच’ म्हणा. ‘अनलेस’ दिसलं की ‘नसेल तर’ म्हणा. भाषांतराला अर्धा सेकंद लागतो आणि चूक टळते.

हा घोळ नवा नाही. न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, शिकवताना आपल्याकडे शतकानुशतकं एकच डोंगर दाखवतात. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. हे चालतं. पण उलट म्हणा, डोंगरावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे. नैयायिक, म्हणजे या शास्त्राचे पंडित, लगेच तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतात. अग्नी आहे, धूर कुठाय? मग ते सांगतात की धुराला नुसता अग्नी पुरत नाही, ओलं सरपण लागतं. या आगंतुक अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटलं. आज जीमॅटच्या पडद्यावर ‘या युक्तिवादाने काय गृहीत धरलं आहे?’ असा प्रश्न येतो, तेव्हा तुम्ही ते ओलं सरपणच शोधत असता. आणि ‘याला छेद कशाने जाईल?’ असं विचारलं, तर तापलेला गोळा. माझ्या एका विद्यार्थ्याने वहीत प्रश्नांच्या प्रकारांसमोर खरोखरच ‘सरपण’ आणि ‘गोळा’ असं लिहून ठेवलं होतं. मला क्लासच्या कुठल्याही संक्षेपापेक्षा ते आवडलं.

एक इशारा, विशेषतः नोकरी करून आलेल्यांना. माझ्याकडे एक डॉक्टर मुलगी होती. उतारा औषधांवरचा असला की तिचं उत्तर हमखास चुकायचं आणि खनिजांवरचा असला की बरोबर यायचं. औषधांबद्दल तिला फार माहिती होती, त्यामुळे फट दिसण्याआधीच ती स्वतःच्या ज्ञानाने बुजवून टाकायची. बँकेतल्या मुलांचं व्याजदरांवर हेच होतं. माझं स्वतःचं क्रिकेटवर होतं.

सरावाबद्दल थोडक्यात. रोज पन्नास प्रश्न सोडवणारी मुलं मी पाहिली आहेत, महिन्याने ती त्याच जागी असतात. दहा सोडवा, आणि चुकलेल्या प्रत्येकासाठी वहीत दोन वाक्यं लिहा. बरोबर उत्तर का बरोबर, हे उत्तरपत्रिकेत छापलेलं असतं, ते उतरवू नका. चुकीचा पर्याय मला का आवडला, हे लिहा. ‘निष्कर्ष गावाबद्दल समजलो.’ ‘काही या शब्दाला बहुतेक वाचलं.’ वीस-पंचवीस नोंदी झाल्या की तुमचा खोडकरपणा तुम्हालाच दिसू लागतो. बहुतेकांच्या खोडी दोन-तीनच असतात, त्याच पुन्हा पुन्हा.

वेळेची काळजी सुरुवातीला करू नका. परीक्षेत एका प्रश्नाला सरासरी दोन मिनिटांहून थोडा कमीच वेळ मिळतो, खरं आहे. पण घड्याळ लावून चुकीची सवय पक्की करण्यात काय हशील? शिवाय प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. विभागाच्या शेवटी वेळ उरला तर तीनच उत्तरं बदलता येतात, त्यामुळे ‘नंतर बघू’ या स्वभावाला तिथे फारशी जागा नाही. आधी बरोबर, मग भरभर.

तुमच्या खुर्चीवर एक कागद ठेवला आहे. वर एक युक्तिवाद आहे, खाली पाच पर्याय. पर्यायांचा भाग मागे दुमडा. नाही, डोकावू नका, समोरून दिसतंय मला. युक्तिवाद वाचा, निष्कर्षाखाली रेघ मारा आणि समासात तुमच्या शब्दांत, मराठीत चालेल, फट कुठे आहे ते एका ओळीत लिहा. दहा मिनिटं देतो. ज्याची ओळ लिहून झाली, त्यानेच कागद उलगडायचा.